दक्षिण गोलार्धांतलें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणें ही मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला कांहीं नवी गोष्ट नाहीं. माझ्या सासूबाईंनीं आपल्या आयुष्यांत सात बिऱ्हाडें केलीं. मामंजींची नोकरी बदलीची; आज सातारा, तर उद्यां धुळें. नव्या घरांत आधीं देव न्यावेत, मग पाण्यानें भरलेली कळशी न्यावी, आणि चूल पेटल्यावर पहिलें दूध उतूं जाऊं द्यावें, हा त्यांचा ठरलेला क्रम. २०२३ सालच्या जानेवारींत, संक्रांत झाल्यावर चार दिवसांनीं, आम्ही चौघें न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथें बिऱ्हाड करावयास निघालों. यजमान, मी, चार वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. निघतांना सासूबाईंनीं मला हाच क्रम पुन्हां एकदां सांगितला, आणि अंगणांतल्या तुळशीच्या मंजिऱ्या कागदाच्या पुडींत बांधून माझ्या हातीं दिल्या. "बाकी सगळें तिथें मिळेल," त्या म्हणाल्या, "एवढी मात्र इथलीच पेर."

ती पुडी वेलिंग्टनपर्यंत पोहोंचली नाहीं. न्यूझीलंड हा चारी बाजूंनीं समुद्रानें वेढलेला देश. माणसाची वस्ती होण्यापूर्वीं येथें वटवाघुळें सोडल्यास भूमीवर एकहि सस्तन प्राणी नव्हता. आज मात्र दूध, मांस, लोंकर व फळें यांच्या निर्यातीवर या देशाचा संसार मोठ्या प्रमाणांत चालतो. परदेशांतून एखादी कीड किंवा रोग आला तर साऱ्या देशाची शेती धोक्यांत यावयाची. म्हणून येणाऱ्या प्रत्येक उतारूकडून एक पत्रक भरून घेतात. खाण्याचे पदार्थ आहेत काय, बियाणें आहे काय, बुटांच्या तळव्यांना माती लागली आहे काय, असे बारीकसारीक प्रश्न त्यांत असतात, आणि माहिती दडविल्यास जागच्या जागीं ४०० डॉलर दंड होतो. मीं भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि ती पुडी, सारें कांहीं लिहून दिलें. भाजणी, मेतकूट सुटलें, पुडी अडकली. ऑकलंडच्या विमानतळावरील त्या अधिकारी बाई वयस्क होत्या. बीं असल्यामुळें तें आंत येऊं देतां येत नाहीं, असें त्यांनीं सौम्यपणें सांगितलें. आणि माझा चेहरा पाहून ती पुडी मला माझ्याच हातानें पेटींत टाकूं दिली. कायदा योग्य आहे हें मला पटत होतें. तरीहि मुलीनें विचारलें, "आई, आजीची तुळस आपण कां टाकली?" तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं.

वेलिंग्टन शहर उत्तर बेटाच्या अगदीं दक्षिण टोंकाशीं, सुमारें ४१ अंश दक्षिण अक्षांशावर वसलेलें आहे. १८६५ सालापासून तें राजधानीचें शहर आहे. उत्तर व दक्षिण या दोन बेटांच्या मध्यें कुक सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागीं तिची रुंदी सुमारें २२ किलोमीटर. दोहों बाजूंच्या डोंगरांना अडलेला वारा या एका फटींतून वाट काढतो, आणि त्या वाटेवरच हें शहर उभें आहे. पहिल्या आठवड्यांत आमच्या दोन छत्र्या मोडल्या; तिसरी आम्हीं घेतलीच नाहीं. रस्त्यानें चालतांना मुलगी दोन्ही हातांनीं माझा कोट धरून चाले, आणि वारा थांबला कीं, आतां काय झालें, अशा मुद्रेनें वर पाही.

घर शोधतांना जें शिकलों तें येथें सांगितल्यास कोणाच्या तरी उपयोगी पडेल. भाडें महिन्याचें नव्हे तर आठवड्याचें सांगतात, त्यामुळें प्रथम आंकडा ऐकून स्वस्ताई वाटते आणि घरीं येऊन हिशेब मांडला कीं डोळे उघडतात. शिवाय चार आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम भरावी लागते. दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे पूर्वाभिमुख घर उत्तम मानतात. येथें मध्यान्हींचा सूर्य उत्तरेच्या आकाशांत असल्यामुळें उत्तरेकडे खिडक्या असलेल्या घराला मोल. आमच्या पहिल्या घराच्या खिडक्या दक्षिणेकडे होत्या. फाल्गुन संपेतों कपाटांतल्या कपड्यांना ओलसर वास येऊं लागला, आणि मुलाच्या छातींत कफ झाला. घराच्या बैठकीच्या खोलींत १८ अंशांपर्यंत ऊब देणारें साधन घरमालकानें बसविलें पाहिजे असा नियम २०१९ सालीं झाला आहे. परंतु त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें होत होती, आणि आमचें घर मागच्या टप्प्यांत होतें. वैशाखांत आम्हीं उत्तरेकडच्या खिडक्यांचें दुसरें घर घेतलें. सासूबाईंच्या सात बिऱ्हाडांचा विक्रम मोडण्याच्या मार्गावर आम्ही चार महिन्यांतच लागलों, असें हे म्हणाले.

येथील बहुतेक घरें लांकडी आहेत. प्रथम मला त्यांचा विश्वास वाटेना. आपल्याकडे पक्कें घर म्हणजे दगड-विटांचें. परंतु १८४८ सालच्या भूकंपांत येथील विटांच्या इमारती ढांसळल्या व लांकडी घरें तगलीं. पुढें १८५५ सालीं त्याहूनहि मोठा भूकंप झाला, त्यांत येथला किनारा मीटर-दीड मीटर वर उचलला गेला. लॅम्बटन की नांवाचा गजबजलेला बाजाराचा रस्ता पूर्वीं समुद्राचा कांठ होता. पुढें भर घालून शहर समुद्रांत सरकलें, आणि आतां फरसबंदीवर बसविलेल्या पट्ट्या १८४० सालचा किनारा कोठें होता तें दाखवितात. दुकानांच्या दारांत उभें राहून येथें लाटा येत होत्या असें वाचतांना मनांत येई कीं, ज्या देशाची जमीनच अशी जागा बदलते, तेथें आपलें चंबूगबाळें स्थिर व्हावयास किती दिवस लागावेत!

मुलांच्या संगोपनाविषयीं या देशाची एक व्यवस्था मला फार आवडली. १९०७ सालीं डुनेडिन शहरीं डॉक्टर ट्रूबी किंग यांच्या पुढाकारानें एक संस्था निघाली, ती पुढें 'प्लंकेट' या नांवानें घरोघर माहीत झाली. तिच्या परिचारिका लहान मुलांच्या घरीं येतात, वजन-उंची पाहतात, आणि आईची विचारपूस करतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनीं मुलाचें वजन घेतलें, आणि मग वजनकांटा बाजूला ठेवून मला विचारलें, "तुमची झोंप होते ना?" घर सोडून तीन महिने झाले होते. हा प्रश्न तोंपर्यंत मला कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे बाळंतिणीला विचारणारीं दहा माणसें असतात; तेथें तीं दहा माणसें मिळून एक बाई आली होती, असें मला त्या दिवशीं वाटलें.

शेजारच्या आजीबाईंची ओळख फळांमुळें झाली. चैत्र-वैशाखांत येथें पानगळीचा ऋतु असतो, आणि त्या दिवसांत फीजोआ नांवाचें फळ पिकतें. दिसावयास लहान हिरव्या पेरूसारखें, आणि खरोखर पेरूच्याच कुळांतलें. ज्यांच्या अंगणांत झाड आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांत पिशव्या भरभरून ठेवतात. आमच्या दारांत अशी पिशवी सांपडली. शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत करूं नये ही आपली रीत; पिशवीलाहि ती लागू करून मीं तींतून तिळाचे लाडू पाठविले. दुसऱ्या पिशवीच्या फळांची मीं दह्यांतली कोशिंबीर केली व वाटी घेऊन स्वतः गेलें. तेव्हांपासून आमचा घरोबा आहे.

पण या सर्व गोष्टी वरवरच्या होत. आमचें बिऱ्हाड खरोखर अडलें होतें तें एका वेगळ्याच जागीं.

मुलीला आम्हीं जवळच्या बालवाडींत घातलें होतें. तीन वर्षांवरील मुलांना आठवड्याला २० तासांपर्यंतच्या बालशिक्षणाचा खर्च सरकार देतें. पहिल्या दिवशीं ती रडली. दुसऱ्या दिवशीं रडली नाहीं. आणि तिसऱ्या दिवसापासून तेथें ती बोलेनाशी झाली. पुण्यास जिच्या बडबडीला कंटाळून मामंजी वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर जात, ती मुलगी चार-चार तास एक अक्षर न काढतां वाळूंत बसून राही. शाळेंत भूकंपाचा सराव करून घेतात. बाईंनीं सांगतांच मुलांनीं गुडघ्यांवर बसून, मान व डोकें हातांनीं झांकून कासव व्हावयाचें. हा खेळ शब्दांवांचून करतां येई, म्हणून तिला तेवढाच आला. घरीं येऊन ती टेबलाखालीं शिरे व म्हणे, "मी कासव." कासव होऊन ती किती वेळ बसे हें पाहून माझें काळीज तुटे.

आठ आठवडे झाले तेव्हां यजमान म्हणाले, "आपण घरींहि इंग्रजींतच बोलूं. तिच्या कानांवर दोन भाषा पडतात, त्यामुळें ती गोंधळली आहे." मलाहि तें पटलें. आम्हां दोघांनाहि इंग्रजी येत होतें. शिक्षण त्यांतच झालेलें. मग "जेवायला चल" गेलें, "पांघरूण घे" गेलें, रात्रीची गोष्टसुद्धां इंग्रजींत सुरू झाली. तीन आठवडे आम्हीं हा प्रयोग केला. परिणाम असा झाला कीं बालवाडींत ती बोलत नव्हतीच, ती आतां घरींहि बोलेना. रविवारीं दुपारीं साडेतीनला पुण्यास सकाळचे आठ वाजलेले असत, तेव्हां सासूबाई फोनच्या पडद्यावर येत. नात त्यांच्याकडे पाही व हळूच बाजूला होई. "ही माझ्यावर रागावली आहे का गं?" असें त्यांनीं मला एकदां विचारलें. तुळशीचें मीं त्यांना सांगितलें होतें; हें सांगण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

याच सुमारास बालवाडीच्या बाईंनीं आम्हांला भेटावयास बोलाविलें. मुलगी मंद आहे असें त्या सांगणार, अशी मनाची तयारी करून आम्ही गेलों. त्यांनीं विचारलें तें एवढेंच, "घरीं तुम्ही कोणत्या भाषेंत बोलतां?" आम्हीं थोड्या अभिमानानेंच इंग्रजीचें नांव सांगितलें. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कृपा करून तसें करूं नका. इंग्रजी तिला आम्ही देऊं. तें येथें वाऱ्यासारखें सगळीकडे आहे. तुमची भाषा मात्र तिला तुमच्याखेरीज या गांवांत कोण देणार?" नवीन भाषेच्या घरांत आलेलें मूल कांहीं महिने मुकें राहतें, तें त्या अवधींत ऐकून सांठवीत असतें, हेंहि त्यांनीं समजाविलें.

बाई स्वतः माओरी कुळांतल्या होत्या. त्यांची आजी शाळेंत माओरी बोलली म्हणून तिला छड्या बसल्या होत्या. तिनें आपल्या मुलांशीं त्या भाषेंत बोलावयाचें नाहीं असें ठरविलें, तें मुलांचें कल्याण व्हावें म्हणूनच. बाईंच्या आईला ती भाषा आली नाहीं; आणि बाई वयाच्या तिसाव्या वर्षीं रात्रीच्या वर्गांत जाऊन, परकी भाषा शिकावी तशी, आजीची भाषा शिकल्या. तोंपर्यंत आजी गेली होती.

ही एका घरची गोष्ट नव्हे. १९१३ सालीं माओरी शाळकरी मुलांपैकीं शेंकडा ९० मुलांना आपली भाषा बोलतां येत होती. १९७५ सालापर्यंत तें प्रमाण शेंकडा ५ च्याहि खालीं आलें. दोन पिढ्यांत हें झालें. शाळांतील शिक्षा, खेड्यांतून शहरांत झालेलें स्थलांतर, आणि मुलाचें भलें इंग्रजींतच आहे ही आईबापांची समजूत, अशीं तीन कारणें एकवटलीं. १९७२ सालीं ३०,००० हून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन लोक पार्लमेंटपुढें गेले. १९८२ सालीं वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटा येथें पहिलें 'कोहांगा रेओ' निघालें. कोहांगा म्हणजे घरटें, रेओ म्हणजे भाषा. शाळेच्या वयाआधींचीं मुलें आणि भाषा येणाऱ्या आज्या-आजोबा यांना एका खोलींत आणावयाचें, आणि दिवसभर माओरीशिवाय दुसरें बोलावयाचें नाहीं, एवढीच त्याची युक्ति. मधली पिढी भाषा विसरली होती. म्हणून आजीचा हात थेट नातवाच्या हातांत दिला. १९८७ सालीं कायद्यानें माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

हें ऐकून आम्ही दोघें घरीं चालत आलों. वाटेंत कोणीच बोललें नाहीं. त्या लोकांची भाषा दुसऱ्यांनीं छड्या मारून काढून घेतली. आम्ही तर आपली भाषा आपल्याच हातानें, कोणी न मागतां, पेटींत टाकीत होतों! त्या संध्याकाळीं हे मुलीला म्हणाले, "चल गं, पानं घेतलीं आहेत." ती टेबलाखालून बाहेर आली.

पुढच्या आठवड्यांत बाईंनीं मला एक सकाळ बालवाडींत येऊन मुलांना मराठी आंकडे शिकविण्यास सांगितलें. येथील बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचें नांव 'ते फारिकी', म्हणजे विणलेली चटई, असें आहे. १९९६ सालीं तो प्रथम सिद्ध झाला. प्रत्येक घरचा धागा तींत यावा ही कल्पना. मी वीस गोऱ्या-सांवळ्या मुलांपुढें बसून "एक, दोन" म्हणूं लागलें. माझी मुलगी कोपऱ्यांत पाठ करून बसली होती. 'तीन' आला तेव्हां पुढचा एक लालबुंद गालांचा मुलगा मोठ्यानें "टीन" म्हणाला. आणि कोपऱ्यांतून आवाज आला, "टीन नाही! तीन!" बालवाडींत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. बाईंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं फळ्याकडे पाहिलें, कारण डोळे भरून आले होते. इंग्रजी त्यानंतर महिन्याभरांत आलें, आणि तें इतक्या वेगानें कीं आतां माझे उच्चार ती सुधारते.

ऋतूंचें उलटेंपण मात्र अजून आमच्या अंगवळणीं पडलें नाहीं. येथें संक्रांत ऐन उन्हाळ्यांत येते, पाडव्याला झाडांचीं पानें गळतात, श्रावणांत कडाक्याची थंडी असते आणि दिवाळीला वसंत फुलतो. चंद्रसुद्धां उलटा दिसतो, "ससा डोक्यावर कां उभा आहे?" हें मुलीच्याच प्रथम ध्यानांत आलें. पंचांगांतलें कांहींच जेथें जागच्या जागीं नाहीं, तेथें एक ओळखीची खूण अकस्मात् सांपडली.

माओरी लोकांचें नववर्ष 'मातारिकी' या नक्षत्राच्या उदयानें सुरू होतें. ऐन हिंवाळ्यांत, सूर्योदयापूर्वीं, ईशान्येच्या आकाशांत हा तारकापुंज पुन्हां दिसूं लागतो. २०२२ सालापासून त्या दिवशीं देशभर सुटी असते, आणि आपल्या सणांप्रमाणें ती चांद्रमासावरून ठरते. २०२३ सालीं ती १४ जुलैला आली. त्या सुमारास बालवाडीचे सर्व पालक मुलांना गोधड्यांत गुंडाळून पहांटे टेंकडीवर जमले. बाईंनीं बोट दाखविलें. मीं पाहिलें, तों त्या आपल्या कृत्तिका! लहानपणीं कार्तिकांत गच्चीवरून आजोबांनीं दाखविलेल्या. एका प्रचलित माओरी कथेप्रमाणें मातारिकी ही आई, आणि बाकीच्या तिच्या सहा कन्या. आपल्याकडे त्याच सहा जणी कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या माता. हें मीं मुलीला मराठींत सांगितलें, आणि तिनें तें आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत सर्वांना सांगितलें. शेजारच्या आजीबाई, प्लंकेटच्या बाई, बालवाडीच्या बाई, असे एकेक चेहरे तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें आले. परक्या मुलाला आपलें म्हणणाऱ्या मातांची गोष्ट मीं लहानपणापासून ऐकलेली. तिचा अर्थ मला त्या टेंकडीवर कळला.

मातारिकीला आणखी एक रीत आहे. गेल्या वर्षभरांत जीं माणसें गेलीं, त्यांचीं नांवें ताऱ्यांकडे पाहून उच्चारावयाचीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत सासूबाई अल्पशा आजारानें गेल्या. हे एकटेच पुण्यास जाऊं शकले. दोन मुलांसह मला निघतां आलें नाहीं. जाण्याच्या आदल्या रविवारीं त्या नातीशीं बराच वेळ बोलल्या. शाळेंत डब्याला काय नेतेस, येथपासून देवाला फूल कोण वाहतें, येथपर्यंत. ती त्यांना घडाघडा उत्तरें देत होती, मधूनच त्यांना हांसवीत होती. तीन आठवड्यांचा आमचा तो प्रयोग आणखी वर्षभर चालला असता, तर त्या दोघींना एकमेकींकडे नुसतें पाहत बसावें लागलें असतें, हा विचार आजहि माझ्या अंगावर कांटा आणतो. त्या वर्षीं २८ जूनच्या पहांटे मुलीनें टेंकडीवर आजीचें नांव घेतलें. स्पष्ट, 'त' ला 'त' म्हणून.

या देशीं येऊं पाहणाऱ्या भगिनींना चार शब्द सांगून लेख पुरा करतें. लोंकरीचे कपडे येथेंच घ्यावेत. घराच्या खिडक्या उत्तरेकडे आहेत ना, तें पाहावें. छत्री आणूं नये. विमानतळावरच्या पत्रकांत सर्व कांहीं खरें लिहावें, मनाला कितीहि लागलें तरी. त्या पत्रकांत भाषेविषयीं प्रश्न नसतो. ती आंत आणण्यास कोणी अडवीत नाहीं, आणि हरवली तरी कोणी विचारीत नाहीं.

तुळस आमच्या घरीं अजून नाहीं. धाकटा आतां चांगला बोलूं लागला आहे, आणि दोघें भावंडें मराठींत कडकडून भांडतात. सासूबाई असत्या तर भांडण सोडवावयास धांवल्या असत्या. मी मात्र पोळी तव्यावर टाकून क्षणभर दारांत उभी राहतें, आणि ऐकतें.